शाळेचा चार्ज कोणाकडे?

गुरुजी शाळेत येत नाहीत, ही बीड जिल्ह्यातल्या पालकांची जुनी तक्रार. आताची वेगळी आहे. गुरुजी येतात, शिकवतातही. पण मुलाला त्यांचा लळा लागतो न लागतो तोच बदलीचा आदेश येतो. मागे उरलेल्या शिक्षकांपैकी कोणाच्या तरी गळ्यात शाळेचा चार्ज पडतो, आणि वर्ग सांभाळू की कागद, या पेचात तो वर्ष काढतो. इंग्रजी शाळेत पाल्य घातलेल्या पालकाचीही कहाणी फार निराळी नाही. एप्रिलमध्ये ज्या मॅडमनी प्रगतिपुस्तक हातात दिले, त्या जूनमध्ये दिसत नाहीत. संस्थेला विचारावे तर ‘नवीन स्टाफ जास्त चांगला आहे’ एवढेच उत्तर मिळते.

हजेरीच्या बाबतीत महाराष्ट्राची अब्रू चांगली आहे. मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात सरासरी चारातला एक शिक्षक शाळेत सापडला नाही. झारखंडात हे प्रमाण ४१.९ टक्के होते, महाराष्ट्रात १४.६ टक्के, पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी. मात्र एका दिवसाच्या भेटीत फळ्यापुढे माणूस उभा आहे की नाही एवढेच कळते. त्याच फळ्यापुढे तीन वर्षांत किती माणसे येऊन गेली, हे कळत नाही. ‘यू-डायस’ या शाळांच्या सरकारी माहितीसंचात प्रत्येक शिक्षकाचा सध्याच्या शाळेत रुजू झाल्याचा दिनांक भरलेला असतो. पण त्यातून पालकांसमोर येते ते पट आणि शिक्षकसंख्येचे गणित. एका इयत्तेने किती गुरुजी पाहिले, हा आकडा कोणी काढून दाखवत नाही.

तो काढण्यासारखा का आहे, याचे उत्तर न्यूयॉर्क शहरातल्या एका अभ्यासात सापडते. मॅथ्यू रॉनफेल्ट, सुझाना लोएब आणि जेम्स वायकॉफ यांनी २०१३ मध्ये चौथी-पाचवीच्या मुलांचे गुण आणि शिक्षकांची ये-जा ताडून पाहिली. ज्या इयत्तेत ये-जा जास्त, तिथे भाषा आणि गणित दोन्हींत मुले मागे पडली. आणि ज्यांचे स्वतःचे शिक्षक बदललेच नव्हते, त्या मुलांनाही झळ बसली. चार शिक्षकांच्या शाळेतले दोघे गेले की उरलेल्या दोघांचे निम्मे वर्ष नव्यांना गाव, मुले, दप्तर समजावण्यात जाते, हे बीडच्या कोणत्याही मुख्याध्यापकाला अभ्यासाशिवाय ठाऊक असते.

तरीही बदली म्हणजे अन्याय असे मी म्हणणार नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या वाडीवर एका माणसाने पंचवीस वर्षे काढायची आणि दुसऱ्याने बीड शहराच्या वेशीवरूनच निवृत्त व्हायचे, हे कोणत्या न्यायात बसते? पूर्वी बदल्या जिल्हा पातळीवरच ठरत. नियम होते, समुपदेशन होते, तरी ज्याचे वजन त्याची शाळा हलत नसे. हे मोडण्यासाठी ग्रामविकास विभागाने २७ फेब्रुवारी २०१७ चा शासन निर्णय काढला. त्या वेळी हे खाते परळीच्या पंकजा मुंडे यांच्याकडे होते. बदल्या संगणकावर गेल्या, शाळांची विभागणी अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्रांत झाली, शिक्षकांचे चार संवर्ग पडले. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा आणि वयाची त्रेपन्न वर्षे ओलांडलेले पहिल्या संवर्गात. ज्यांच्या जोडीदाराची नोकरी तीस किलोमीटरपलीकडे आहे ते दुसऱ्यात. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेले तिसऱ्यात, उरलेले चौथ्यात.

२०१८ च्या उन्हाळ्यात पहिली फेरी झाली आणि शिक्षकांच्या बोलण्यात खो-खोच्या मैदानावरचे शब्द आले. वरच्या संवर्गातल्याने एखादी शाळा मागितली की तिथल्या शिक्षकाला ‘खो’ बसे. खो बसलेला ‘विस्थापित’ होई, आणि ज्यांना पसंतीची एकही शाळा मिळाली नाही ते ‘रँडम राउंड’मध्ये कुठेही जाऊन पडत. शिक्षक संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला. एप्रिल २०२१ मध्ये सुधारित धोरण आले आणि पुढेही दुरुस्त्या होत राहिल्या. चिठ्ठीचपाटीचे राज्य या पद्धतीने बऱ्याच अंशी संपले, हे मान्य केले पाहिजे. पण पालक म्हणून हा निर्णय वाचायला बसले की एक गोष्ट खटकते. चारही संवर्ग शिक्षकाच्या अडचणींचे आहेत. त्याचे वय, त्याचा आजार, त्याचा संसार, त्याची सेवा, सगळे आहे. वर्ग कुठेच नाही. दोन्ही शिक्षक एकाच वेळी गेले तर पहिली-दुसरीचे काय, एखादी शाळा गेल्या फेरीतच हलली असेल तर या फेरीत तिला वगळायचे का, असे प्रश्न संगणकाला विचारलेलेच नाहीत. शाळा या धोरणात येते ती रिक्त जागा म्हणून. त्यातही समानीकरणाचा नियम आहे : टंचाई सगळ्या तालुक्यांत सारखी वाटली जावी म्हणून काही जागा भरायच्याच नाहीत, मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या. प्रशासनाच्या दृष्टीने यात तर्क आहे. ज्या गावाच्या वाट्याला ती रिकामी खुर्ची येते, त्या गावाला तो समजावून सांगणे कठीण.

नियमातून पळवाटही निघालीच. २०२२-२३ मध्ये बीड जिल्हा परिषदेने बदलीत दिव्यांगत्वाचा लाभ घेतलेल्यांची अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात फेरतपासणी करवली आणि तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी अजित पवार (त्याच नावाच्या राजकीय नेत्याशी फक्त नावाचे साम्य) यांनी पन्नासहून अधिक शिक्षकांना निलंबित केले. चौकशीत प्रत्येकाचे पुढे काय झाले तो भाग वेगळा. पालकांच्या बाजूने पाहिले तर या प्रकरणाचे दोन तडाखे बसले. प्रमाणपत्राच्या जोरावर कोणीतरी आधी कोणाला तरी खो दिला होता. मग निलंबनाने तोही गेला. एकाच वर्गाने दोन शिक्षक गमावले, आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला तो विस्थापित कधीच दुसऱ्या गावात रुळला होता.

वेळापत्रकाचा प्रश्न त्याहून साधा आहे, आणि म्हणूनच चीड आणणारा. बदल्या उन्हाळी सुटीत उरकाव्यात, हे सगळेच मान्य करतात. २०२५ ची प्रक्रिया शाळा सुरू झाल्यावरही चालू राहिली. याद्या, हरकती, सुनावण्या, न्यायालय, पुन्हा याद्या. जूनमध्ये ज्याने पहिलीच्या मुलांना अक्षरओळख सुरू करून दिली, तो काना-मात्रा येईपर्यंत शाळेत असेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते.

जिल्ह्याबाहेरची एक कडी इथे जोडली पाहिजे. मराठवाड्यात डी.एड. झालेले तरुण भरपूर, गावाकडे जागा थोड्या; म्हणून बीड, लातूर, परभणीची मुले वर्षानुवर्षे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघरच्या जिल्हा परिषदांत नोकरीला लागली. आईवडील इकडे, शेती इकडे, मन इकडे. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज ते पहिल्या संधीला भरतात. परळीचा मुलगा घरी परतला की कोकणातली एखादी द्विशिक्षकी शाळा एकशिक्षकी होते. तिथल्या पालकांनी स्थानिक उमेदवारांनाच घ्या अशी मागणी लावून धरली ती यातूनच. मे २०१२ पासून भरतीच जवळपास थांबली होती. पवित्र पोर्टलमार्फत मोठी भरती झाली ती २०१९ मध्ये आणि मग २०२४ मध्ये. मधल्या काळात निवृत्त होणारे निवृत्त होत राहिले. अशा ताणलेल्या चादरीत एका कोपऱ्याने पाय झाकले की दुसरीकडचे उघडे पडतात.

खासगी संस्थांकडे वळले की चित्र उलटे होते. अनुदानित शाळेतला शिक्षक जात नाही. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने त्याच्या नोकरीला संरक्षण दिले, त्यामुळे तो तीस-तीस वर्षे एकाच संस्थेत असतो. अमेरिकेत १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने चार्टर शाळांचा कायदा केला : पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळाचा. आपल्याकडे अनुदानित संस्था हेच काम फार आधीपासून करत आल्या आहेत. फरक एवढाच, की तिथे मंडळाला शिक्षक नेमण्या-काढण्याची बरीच मोकळीक असते आणि पालकांची तक्रार शिक्षक टिकत नाहीत अशी असते. इथे शिक्षक टिकतात आणि तक्रार संस्थेच्या माथ्यावर काय चालले आहे याची असते.

या माथ्यावरच्या भांडणांची एक ठरलेली रीत आहे. संस्थापक जातात, पुढच्या पिढीत दोन गट पडतात, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याचे दोन चेंज रिपोर्ट दाखल होतात. मुख्याध्यापक ज्येष्ठतेने नेमायचा हा नियम, पण ज्येष्ठता यादीवरच वाद असतो. एक गट एकाला आदेश देतो, दुसरा दुसऱ्याला. शिक्षणाधिकारी कोणाला तरी तात्पुरते स्वाक्षरीचे अधिकार देतात, दुसरा शाळा न्यायाधिकरणात जातो. पगारबिले अडतात, दाखल्यांवर सही कोणाची हा प्रश्न पडतो. नको असलेल्या शिक्षकाला संस्थेच्याच दूरच्या शाखेत पाठवून देता येते, तेही नियमात बसवून. पालकाला यातले काही सांगितले जात नाही. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी त्याला कळते की शाळेत दोन मुख्याध्यापक आहेत, किंवा एकही नाही.

शिक्षक आणि व्यवस्थापन यांच्यातला हा ताण या मुलखाला नवा नाही, आणि त्याचा शेवट नेहमी वाईटच झाला असेही नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ, बाबासाहेब परांजपे आणि त्यांचे सहकारी १९३५ मध्ये मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालय त्यांनी हाती घेतले. एका शाळेची माणसे उठून दुसऱ्या गावाला गेली आणि शाळेचा प्राण त्यांच्याबरोबर गेला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व घडवणाऱ्या ठिकाणांत पुढे अंबाजोगाईचे नाव घेतले गेले ते यामुळे. १९३८ मध्ये स्वामीजी सत्याग्रहात उतरले आणि अध्यापन सुटले, तरी ती शाळा चालू राहिली. परांजपे आणि इतर मंडळी मागे होती. मुख्य माणूस गेल्यावर शाळा कोण धरून ठेवणार, याची तजवीज त्या मंडळींनी केली होती, सरकारी आदेशाची वाट न पाहता.

विनाअनुदानित शाळांचे दुखणे सगळ्यांत खोल आहे. ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये निघाला, वीस टक्क्यांचा पहिला टप्पा २०१६ मध्ये आला, पुढचे टप्पे आझाद मैदानावरच्या आंदोलनांच्या गतीने येत राहिले. आज ना उद्या शाळा अनुदानावर येईल या आशेवर माणसे वर्षामागून वर्षे बिनपगारी शिकवत राहतात. सोडून जावे तर आजवरची सेवा पाण्यात. म्हणून कागदावर या शाळांत शिक्षक अजिबात बदलत नाहीत. मार्च २०२५ मध्ये केज तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या शिक्षकाने बीड शहरात जीवन संपवले. अठरा वर्षे काम करूनही पगार सुरू झालेला नव्हता, आणि जाण्यापूर्वी त्याने आपल्या चिमुकल्या मुलीला उद्देशून निरोप लिहून ठेवला होता. त्यानंतर काही दिवस पुढारी बोलले. शिक्षक टिकला पाहिजे असे आपण म्हणतो तेव्हा कोणत्या किमतीवर, हेही सांगायला हवे. सकाळी शेतात, दुपारी वर्गात, संध्याकाळी दुकानात असलेला माणूस शाळेत ‘टिकलेला’ आहे असे मला तरी म्हणवत नाही.

स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांबद्दल थोडक्यात सांगता येते. २०१२ च्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावांतही त्या झपाट्याने वाढल्या. शिक्षिका बहुतेक स्थानिक, पगार तुटपुंजा, करार तोंडी. पवित्र पोर्टलची यादी लागली, लग्न ठरले, शेजारच्या शाळेने थोडे जास्त दिले, की जागा रिकामी. पंचवीस टक्के मोफत प्रवेशांची प्रतिपूर्ती सरकारकडून वेळेवर येत नाही, ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे. पण फी वेळेवर भरणाऱ्या पालकाच्या मुलालाही वर्षात दोन गणिताचे शिक्षक का, याचे उत्तर त्यात नाही. शुल्क ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला विचारावे लागते. शिक्षकांचे वेतनपत्रक पाहायला मागणारी समिती मात्र मी ऐकलेली नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. माझ्या मते बीडच्या शाळांचे खरे नुकसान बदल्यांपेक्षा चार्जवरच्या कारभाराने होते. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत दीडशेच्या वर मुले असतील, किंवा सहावी ते आठवीत शंभराच्या वर, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. वाड्या, वस्त्या, तांडे यांच्या या जिल्ह्यात बहुसंख्य शाळांचा पट त्याच्या जवळपासही जात नाही. मग ज्येष्ठ शिक्षकाकडे चार्ज. तो एकाच वेळी तिसरी-चौथीचा वर्गशिक्षक, पोषण आहाराच्या तांदळाचा कोठारप्रमुख, यू-डायस आणि आधार नोंदणीचा कारकून, केंद्राच्या बैठकांचा प्रतिनिधी असतो. निवडणूक आली की मतदार यादीचे कामही. कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना मुभा दिली आहे, पण व्हॉट्सॲपवर ‘तात्काळ’ म्हणून मागवलेली माहिती कोणत्या कलमात बसते ते कोणी विचारत नाही. चार्जसाठी वेगळा अधिकार नाही, वेगळा वेळ नाही. सहकाऱ्याला तो चार शब्द सुनावू शकत नाही, कारण उद्या चार्ज त्याच्याकडे असेल.

वरही तेच. केंद्रप्रमुख हे पद १९९० च्या दशकात निर्माण झाले ते दहा-बारा शाळांना हात देणारा एक अनुभवी शिक्षक असावा म्हणून. भरती रखडली आणि ही पदे मोठ्या संख्येने अतिरिक्त कार्यभारावर गेली. गटशिक्षणाधिकारी अनेकदा विस्तार अधिकाऱ्यांतूनच प्रभारी. बीड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पूर्वी गावातला माणूस सदस्याला गाठे, सदस्य शिक्षण सभापतीच्या दालनात भांडे. ते भांडण नेहमीच शुद्ध हेतूचे नसे, तरी तक्रारीला एक दार होते. मग उरले ते शाळेला कुलूप ठोकणे, नाही तर मुलांना घेऊन थेट जिल्हा परिषदेच्या आवारात शाळा भरवणे. मराठवाड्यात हे दृश्य आता इतके सवयीचे झाले आहे, की अधिकारीही ‘दोन दिवसांत शिक्षक देतो’ हे आश्वासन सवयीनेच देतात, आणि जवळच्या शाळेतून एक शिक्षक काढून पाठवतात.

पुढचा पेच सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने येऊ घातला आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा अनिवार्य ठरली, आणि पदोन्नतीसाठी तर ती सर्वांनाच हवी. गुणवत्तेच्या दृष्टीने निकाल योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख होऊ शकणाऱ्यांची रांग मात्र त्याने एकदम आखूड केली. चार्जवरचा कारभार आणखी काही वर्षे चालेल, असा याचा सरळ अर्थ मी घेतो.

कायम आणि कर्ता मुख्याध्यापक काय करू शकतो याचे उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा दत्तात्रय वारे यांच्या काळात राज्यभर गाजली. प्रवेशासाठी रांगा लागल्या. २०२१ मध्ये तक्रारी आणि चौकशीच्या फेऱ्यात त्यांना ती शाळा सोडावी लागली. ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, आणि २०२५ मध्ये त्या छोट्या शाळेने जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळवला. या गोष्टीचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. शाळा माणसाबरोबर जात असेल, तर मागे राहिलेल्या गावाने काय करायचे? बीडला असे तारे नको आहेत असे नाही. पण दोन हजारांहून अधिक शाळा ताऱ्यांवर चालत नाहीत. त्यांना साधा, कायम, सही करण्याचा आणि रागवण्याचा अधिकार असलेला मुख्याध्यापक हवा, मग तो तीन-चार शाळांना मिळून एक का असेना.

शेवटी या जिल्ह्याचे स्वतःचे पंचांग. पट मोजला जातो ३० सप्टेंबरचा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, कोयते कारखान्यांकडे जातात, आणि शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीकडच्या गावांतले वर्ग गुढीपाडव्यापर्यंत अर्धे होतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे, जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड, आणि जून २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. यातले प्रत्येक काम एका विश्वासावर उभे असते. आई उचल घेऊन सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जाते तेव्हा ती मुलाला आजीजवळ ठेवते, आणि खरे तर गुरुजींच्या भरवशावर ठेवते. ओळखीचे गुरुजी असतील तर पोर मागे राहते. नव्या माणसावर एवढा भार कोणी टाकत नाही. पोर बैलगाडीत बसते. दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षक बदलला तर मुलाचे गुण कमी होतील. इथे मुलाची शाळाच सुटू शकते. म्हणून स्थलांतराच्या गावांतली निदान एक जागा हंगाम संपेपर्यंत हलवायची नाही, एवढी एक ओळ बदली धोरणात घालायला काय हरकत आहे, हे मला कळलेले नाही.

पालकांच्या हातात काय आहे? शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अध्यक्षपद गावकीच्या राजकारणाने ठरते आणि सचिव असतो तोच चार्जवरचा गुरुजी. तरी एक कलम प्रत्येक समितीने ठरावात लिहावे असे आहे. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २६ म्हणते की शाळेतली रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. हिशेब शाळेनिहाय आहे, जिल्ह्याच्या सरासरीचा नाही. म्हणजे दहापेक्षा कमी शिक्षक असलेल्या कोणत्याही शाळेत एकही जागा रिकामी ठेवता येत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एक गेला तर ते पन्नास टक्के होतात. समानीकरणासाठी रिकाम्या ठेवलेल्या जागा या हिशेबात कशा बसतात, हा प्रश्न ठरावावर लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. पोच देणारे साहेब प्रभारी असतील, तर तेही ठरावात नोंदवायला हरकत नाही.